मधलं एक वर्ष

दाजी, कावळ्यानं त्या दिवशी मला पाच मिनिटंसुद्धा दिली नाहीत.

रक्षाविसर्जनाच्या सकाळी आम्ही सगळे पंचगंगेच्या घाटावर उभे होतो. आक्कानं केळीच्या पानावर तुमचा निवद मांडला होता. ज्वारीची भाकरी, खर्डा, भरलं वांगं, दही आणि कडेला जिलेबीचे दोन वेढे. कावळा शिवेपर्यंत कुणी हलायचं नाही, आणि तो आलाच नाही तर गेलेल्या माणसाच्या मनात काय राहिलंय ते ओळखून मोठ्यानं शब्द द्यायचा, ही आपल्याकडची रीत. तुमच्या फौंड्रीतले जुने सोबती तयारीतच आले होते. एक म्हणाला, "पोराच्या घराची स्लॅब ऱ्हायली बघा, त्यातच जीव आडकला असंल." दुसरा म्हणाला, "छ्या, नातीचं लगीन." मी मागं गप उभा होतो. तुमच्या मनात काय राहिलंय ते मला ठाऊक होतं आणि ते बोलायचं काम माझंच होतं. दोन दिवस मी वाक्य जुळवत होतो.

माणसं धड मागं सरायच्या आत पिंपळावरनं कावळा उतरला तो थेट जिलेबीवर. एक वेढा चोचीत धरला आणि गेलासुद्धा. लोक खूश झाले. "तृप्त माणूस," म्हणाले, "कायबी मागं ठेवलं न्हाय." आक्कानं डोळ्यांना पदर लावला. शेवटची तीन वर्षं चार-चार घासांवर राहिलेला माणूस जिलेबी बघून थांबेल तरी कसा, असं मनात येऊन मला तिथंच हसू फुटलं. आणि पाठोपाठ तुमचा राग आला. जिवंतपणी तुम्ही मला माझी चूक कबूल करू दिली नाहीत, आणि मेल्यावर एक संधी होती ती पण खाऊन टाकलीत. वाक्य माझ्या घशातच राहिलं. म्हणून हे कागद घेऊन बसलोय.

आक्काच्या लग्नात मी सातवीत होतो. कानपिळीला नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान धरायचा असतो. मी तो दोन्ही हातांनी धरला आणि माझी आक्का घेऊन चाललेल्या माणसावरचा सगळा राग त्यात काढला. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ओरडला नाहीत. हसत म्हणालात, "पावणं, कान हाय ह्यो, नळाची चावी न्हवं." तेव्हापासून मी तुमचा पावणं. विलास हे माझं नाव तुम्ही गंभीर असलात तरच घ्यायचात, आणि गंभीर तुम्ही वर्षातनं एकदा-दोनदाच असायचात.

तुम्ही उद्यमनगरातल्या फौंड्रीत मोल्डर, चाळीस वर्षं वाळूचे साचे केलेत. मी आमच्या वारणेकाठच्या गावात दूध संस्थेत फॅट काढणारा. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक किटलीतलं दूध तपासायचं, हेच माझं काम. तुम्ही म्हणायचात, "म्हशीनं केल्यालं काम तपासायला माणूस लागतोय व्हय?" मी म्हणायचो, वाळूत खेळायचा पगार मिळतो ती जागा मला पण दाखवा. पण खरं सांगायचं तर तुम्हाला कामावर बघायला मला फार आवडायचं. साच्यात ओतून थंड झालेला लोखंडी जॉब तुम्ही हातोडीनं हलकंच ठोकायचात आणि मान तिरकी करून ऐकायचात. चांगला जॉब खणखणीत वाजायचा. आत चीर असली की आवाज बद्द यायचा. ही खोड पुढं तुम्ही घरी पण आणलीत. माठ, कलिंगड, दाराची चौकट, जे दिसेल ते ठोकून बघायचं. माझ्या लग्नात तर सासऱ्यांनी दिलेलं तांब्याचं घंगाळ तुम्ही भर मांडवात ठोकून, "बद्द वाजतंय, डाग दिल्याला हाय," असं जाहीर केलंत. माझे सासरे वर्षभर तुमच्याशी बोलले नव्हते. घंगाळ दुसऱ्याच पावसाळ्यात गळायला लागलं.

निवृत्त झाल्यावर तुम्हाला जिना चढताना धाप लागायला लागली. रक्त तपासलं तर कमी. कमी का, म्हणून पोटात नळी घालून बघितलं, आणि नखाएवढी गाठ सापडली. कॅन्सर हा शब्द डॉक्टरांनी अगदी सावकाश उच्चारला. तुम्ही एखाद्या जॉबचं ड्रॉइंग बघावं तसं डॉक्टरांनी कागदावर काढलेलं पोटाचं चित्र बघत होता. गाठ अगदी सुरुवातीची आहे, वरच्या थरातच आहे, पोट फाडायची गरज नाही, तोंडातनं नळी घालून तेवढा भाग सोलून काढता येईल, असं डॉक्टर म्हणाले. आणि तसंच झालं. तुम्ही आत होता तेव्हा बाहेरच्या बाकड्यावर मी जोतिबाला नवस बोललो. दाजी सुखरूप बाहेर येऊ देत, माघातल्या पाचही रविवारी अनवाणी खेटे घालीन.

आठवड्यानं रिपोर्ट आला. गाठ पूर्ण निघाली होती, काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ होत्या. मी तिथल्या तिथं हात जोडले. आक्का रडायला लागली. आणि तुम्ही डॉक्टरांना विचारलंत, "वाळूचं काय?"

डॉक्टरांना कळेना. मग तुम्ही त्यांना समजावलंत. "सायेब, आमच्यात जॉबला भोक पडलं तर ते भरून घेता येतंय. पर वाळूच वली असंल तर आज हितं पडलं, उद्या तितं पडतंय. तुमी भोक काढलासा. पर वाळू तीच हाय की."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "हे मीच तुम्हाला सांगणार होतो, तुम्ही आधी बोललात." मग त्यांनी सगळं नीट सांगितलं. जिथली गाठ काढली तिथं ती पुन्हा येण्याची भीती फारशी नाही. पण बाकीचं पोट तेच आहे. वर्षानुवर्षं सुजून सुजून त्याचं अस्तर झिजलंय, आणि त्यात दुसऱ्या जागी नवीन गाठ उठू शकते. पोटात जंतू आहेत, ते मारायच्या गोळ्या देतो. त्यानं धोका कमी होतो, संपत नाही. तंबाखू बंद, मीठ कमी. आणि दर वर्षी आत नळी घालून बघायचं, काही त्रास नसला तरी. नवीन गाठ लहान असताना सापडली तर पुन्हा अशीच नळीतनं निघते.

तुम्ही मान डोलावलीत. तंबाखूची पिशवी खिशातनं काढून टेबलावर ठेवलीत आणि त्या दिवसानंतर हात लावला नाहीत. हे मी कधी तुमच्या तोंडावर म्हटलं नाही, पण त्या वेळी मला तुमचा फार अभिमान वाटला होता.

तिथंच दुसरी एक गोष्ट घडली. मी सवयीनं खिशातनं ॲसिडिटीची गोळी काढून तोंडात टाकली. डॉक्टरांचं लक्ष गेलं. "या गोळ्या किती दिवस खाताय?" मी काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, "दिवस न्हाय सायेब, वीस वरसं झाली. जेवणाआधी एक, जेवणानंतर एक." डॉक्टर म्हणाले, "मग एकदा तुमचंही बघून घेऊ." मी "व्हय व्हय" म्हणालो आणि पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर पडलो. त्यानंतर तुम्ही माझा पिच्छा सोडला नाहीत.

पहिल्या वर्षीची तपासणी म्हणजे आपल्या दोघांची सहलच होती. मी गावाकडनं पहिल्या एसटीनं आलो. तुम्ही उपाशी, मीही तुमच्या जोडीनं उपाशी. काउंटरवर तुमचं नाव सांगायचं काम माझं, कारण कवळी काढल्यावर तुमचं बोलणं कुणाला कळायचं नाही. तुमची टोपी, घड्याळ, कवळीची डबी हे सगळं माझ्या ताब्यात. तासाभरानं तुम्हाला बाहेर आणलं. घसा औषधानं बधिर झालेला, डोळे अर्धे मिटलेले. मी घाबरून जवळ गेलो तर तुम्ही हात पुढं करून म्हणालात, "दात दे." सगळं साफ होतं. कोपऱ्यावरच्या गाड्यावर आपण चहा प्यालो. तुम्ही फुंकून फुंकून पीत होता आणि म्हणालात, "पावणं, फुडल्या वर्षी तुजी बारी."

पुढच्या वर्षी तुम्ही खरंच काउंटरवर माझा फॉर्म मागून घेतलात. नाव लिहिलंत, वय लिहिलंत, वडिलांचं नाव लिहायला लागलात. मी फोन कानाला लावला आणि, "व्यायला झाली? कवा? आलो आलो," असं मोठ्यानं बोलत जिना उतरलो. म्हैस अडलीय म्हणून मला जावं लागतंय, असा निरोप शिपायाजवळ दिला. तुमची टोपी आणि घड्याळ पण त्याच्याच हातात कोंबलं. त्या वर्षी पण तुमचं पोट स्वच्छ निघालं. संध्याकाळी फोन आला. "म्हशीला काय झालं रं?" मी म्हणालो, रेडी झाली. तुम्ही म्हणालात, "ब्येस झालं." ती म्हैस मी दोन वर्षांपूर्वीच विकली होती. आक्काला ते माहीत होतं, म्हणजे तुम्हालाही माहीत होतं.

नवस तेवढा राहिला होता. पहिल्या माघात गुडघ्यानं दगा दिला. दुसऱ्या माघात तीन रविवार झाले आणि ताप आला. तिसऱ्या माघात मात्र मी जिद्दीला पेटलो. दर रविवारी पहाटे पंचगंगेवर अंघोळ करायची आणि डांबरावरनं, खडीवरनं, शेवटी डोंगराच्या पायवाटेनं अनवाणी जोतिबा गाठायचा. पाचव्या रविवारी तुम्ही बसनं वर आला होता. गुलालानं देऊळ लाल झालं होतं, चांगभलंचा गजर चालला होता. दर्शन झाल्यावर तुम्ही मला एका पायरीवर बसवलंत आणि माझे पाय मांडीवर घेतलेत. मेव्हण्याचे पाय दाजीनं मांडीवर घ्यायचे नसतात. मी ओढून घेतले तर दटावलंत, "गप बस." बाटलीतल्या पाण्यानं पाय धुतलेत, फोडांतले खडे एक एक करून काढलेत. तुमचे हात वाळूनं खरखरीत झालेले, पण त्या दिवशी मला काही टोचलं नाही.

आणि मी म्हणालो, "आता झालं. नवस फिटला. आता ती नळीबिळी बंद."

तुम्ही वर बघितलंत. "आरं, फुडल्या म्हैन्यात तारीख हाय माजी."

"देवाला दिल्यालं पोचलं. आता परत आत बघायला जायाचं म्हंजी देवाकडं पावती मागायची. इस्वास हाय का न्हाय?"

तुम्ही हसलात. "का रं पावणं, काल दूध चांगलं हुतं म्हणून तू आज फॅट लावत न्हाईस व्हय?"

"दूध येगळं, देव येगळा."

"जोतिबानं पयली गाठ येळंत दावली, हे काय कमी हाय? त्येनं त्येचं काम केलंय. आता आपलं आपुन करायचं."

उत्तर नसलं की माझा आवाज चढतो, हे तुम्ही जाणता. मी ओरडलो. आजूबाजूची माणसं बघायला लागली. मी म्हणालो, "जावा मग. घाला नळी. पाच आयतवार मी हे पाय कशाला फोडून घेतले? सांगा की!"

माझे पाय अजून तुमच्या मांडीवरच होते. तुम्ही त्यांच्याकडं बघत राहिलात, मग उपरण्यानं पुसलेत आणि म्हणालात, "बरं. नगं जायला ह्या वर्षी."

दाजी, देवावरच्या विश्वासानं तुम्ही ती तपासणी टाळली नाहीत. माझ्या पायांच्या फोडांसाठी टाळलीत. हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि तरी मी खूश झालो.

आता जे घाटावर बोलायचं होतं ते सांगतो. देवाचं नाव मी नुसतं पुढं केलं होतं. मला त्या नळीची भीती वाटत होती. तुम्ही दर वर्षी तिथं जाणार, मला घेऊन जाणार, आणि एक ना एक दिवस माझंही नाव फॉर्मवर पुरतं लिहिणार. माझ्या पोटात काही निघालं तर? जळजळ वीस वर्षांची होती, गोळ्यांचं पाकीट उशाखाली होतं, आणि आत काय आहे ते मला बघायचं नव्हतं. तुमचं जाणं थांबलं की माझ्यावरची टांगती तलवार जाणार होती. जन्मभर दुसऱ्याच्या किटलीत यंत्र बुडवून दूध तपासणारा माणूस मी, पण माझ्या पोटाला कुणी हात लावायचा नाही. माझ्या भित्रेपणापायी तुमचं एक वर्ष गेलं.

त्याच्या पुढच्या फाल्गुनात तुम्ही मला न विचारता तारीख घेतलीत. नवीन गाठ निघाली. पहिल्या जागेपासनं लांब, पोटाच्या दुसऱ्या बाजूला, आणि खोल गेलेली. आता नळीचं काम नव्हतं. ऑपरेशन करून पोटाचा मोठा भाग काढायला लागणार होता. तुम्ही गुंगीत होता तेव्हा मी डॉक्टरांना व्हरांड्यात गाठलं. विचारलं, गेल्या वर्षी आलो असतो तर? ते म्हणाले, "नक्की कुणीच सांगू शकणार नाही. कदाचित तेव्हा दिसलीही नसती. पण दिसली असती तर बहुतेक नळीतनंच निघाली असती." मी परत आलो. तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "काय म्हणाला डाक्टर?" मी म्हणालो, "कायबी न्हाय." तुम्ही म्हणालात, "बरं."

तुमच्या त्या बरंनं मला तीन वर्षं छळलंय.

पण ती तीन वर्षं वाईट गेली असं मी म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू दिलं नसतं. उरलेल्या पोटात मावेल तेवढंच खायचं, दर दोन तासांनी, लहान बाळासारखं. आक्का वाटीत चार घास आणायची आणि तुम्ही ते अर्धा तास चघळायचात. पहिल्या सव्वीस जानेवारीला कोल्हापुरात घरोघरी जिलेबी येते तशी तुमच्याकडं पण आली. तुम्ही आक्काची नजर चुकवून एक वेढा खाल्लात आणि पाच मिनिटांत घामानं डबडबलात, छाती धडधडायला लागली. आक्का तुम्हाला आणि मला दोघांनाही बोलली. मी काही केलं नव्हतं, नुसता ताट धरून उभा होतो. तुम्ही तशातही मला डोळा मारलात. तपासणी मात्र एकही चुकवली नाहीत. उरल्यासुरल्या पोटाची सुद्धा. आणि प्रत्येक वेळी मी तुमची कवळी धरून बाहेर बसलो.

मी बोलायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा तुमच्या गॅलरीत बसलो होतो. मी म्हणालो, "दाजी, त्या वर्षी जोतिबाला..." तुम्ही लगेच विचारलंत, "म्हशीला काय झालं रं?" दुसऱ्यांदा एसटी स्टँडवर, मला सोडायला आला होता तेव्हा. "दाजी, ते पायाचं..." परत तेच. "म्हस बरी हाय न्हवं?" मला आधी वाटायचं, तुम्ही थट्टेवारी नेताय. नंतर कळलं. ती म्हैस खोटी आहे हे ज्याला पहिल्या दिवसापासनं माहीत होतं, त्याला पायरीवरचा माझा आरडाओरडा पण कळलाच असणार. मी कुठनं पळतोय हे तुम्ही बघितलं होतं. तरी मला माफी मागायला लावणं तुम्हाला नको होतं. दाजी, हे चांगुलपण होतं हे मी मान्य करतो. पण त्याचा मला त्रास झाला. एकदा कानाखाली मारली असतीत तर मी मोकळा झालो असतो.

शेवटच्या महिन्यात आजार लिव्हरमध्ये उतरला. तुम्ही खाटेवर सुकून गेला होता. मी रोज यायचो, बसायचो, तुमच्याशी दुधाचं, उसाचं, फौंड्रीतल्या माणसांचं काहीबाही बोलायचो. एका दुपारी तुम्ही मला जवळ बोलावलंत. मला वाटलं पाणी हवंय. तुम्ही बोटाचं पेर वाकवलंत आणि माझ्या पोटावर दोनदा ठोकलंत. मान तिरकी केलीत, तशीच, फौंड्रीत करायचात तशी. मग म्हणालात, "विलास, आवाज बद्द येतोय. बघून घे येकदा."

पावणं नाही म्हणालात, विलास म्हणालात. मी "व्हय" म्हणालो. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की ते पहिलं "व्हय व्हय" मला आठवलं. मग मी पुन्हा म्हणालो, "जातो. आक्काची शपथ." तुम्ही डोळे मिटलेत. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

तेराव्याला आक्कानं तुमचं घड्याळ माझ्या हातात दिलं. म्हणाली, "एवढी वरसं तूच धरून बसायचास, आता तूच घाल." तिला मी शपथेचं सांगितलं. ती म्हणाली, मी येणार सोबत. मी म्हणालो, आक्का, तू अजून घराबाहेर पडलेली नाहीस, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, "लोकं घालून घेणारायत व्हय नळी?"

आधी रिपोर्टचं सांगतो, नाहीतर तुम्ही तिकडं घायकुतीला याल. गाठ नाही. सूज आहे, अस्तर झिजलंय, आणि तुमच्या पोटात होते तेच जंतू आहेत. ते मारायच्या गोळ्या चालू केल्यात. तुमच्यासारखीच वाळू आहे, दाजी. डॉक्टरांनी पुन्हा केव्हा यायचं ते लिहून दिलंय, आणि मी जाणार आहे. दवाखान्यातनं बाहेर आल्यावर गाड्यावर चहा प्यालो. घसा बधिर होता, निम्मा चहा शर्टावर सांडला. आक्का हसली. तुम्ही गेल्यापासनं पहिल्यांदाच.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं. सकाळी काउंटरवर एक नवीन मुलगी बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "पेशंटचं नाव?" आणि माझ्या तोंडातनं सवयीनं निघून गेलं, "शंकर चौगुले."

तिनं यंत्रावर नाव टाकलं. पडद्यावर तुमच्या सगळ्या तारखा आल्या असणार. ती बोट खाली खाली नेत म्हणाली, "जुनं पेशंट हाईत की. किती नेमानं आलेत बघा दर वर्षी. मधलं एकच वरीस चुकलंय."

मला सांगता आलं असतं की चुकून नाव निघालं, ते आता नाहीत, माझं नाव घाला. ते मी नंतर सांगितलंच. पण आधी माझ्या तोंडून दुसरंच निघालं. घाटावर घशात अडकलेलं, तुम्ही दोनदा म्हशीखाली दाबलेलं.

"ते वरीस माज्यामुळं चुकलं," मी म्हणालो. "ते यायला तयार हुते. मी भ्यालो, म्हणून त्यास्नी येऊ दिलं न्हाय."

मुलगी गोंधळून बघायला लागली. तिला काय कळणार. मला एकदम ध्यानात आलं की आक्का माझ्या मागंच उभी आहे. मागं वळायची हिंमत होईना. मी काउंटरच्या लाकडाकडं बघत उभा राहिलो. मग माझ्या पाठीवर तिचा हात आला.

"मला ठावं हाय," आक्का म्हणाली. "त्यास्नी बी ठावं हुतं. घड्याळ काढ, दे हिकडं."

मी तुमचं घड्याळ काढून तिच्या हातात दिलं आणि आत गेलो.